भागधारकांच्या गाडीला लाल झेंडी

लाकूड डोळ्यांनी तपासायचं नसतं, कानांनी तपासायचं असतं. रुळाखालच्या स्लीपरवर हातोडा मारायचा. 'ठण्ण' वाजला तर पुढं जायचं. 'भद्द' वाजला तर समजायचं, वरून शाबूत दिसणारं हे लाकूड आतून गेलं. मग सब्बलीचं, म्हणजे लोखंडी पहारीचं, टोक खुपसून खात्री करायची. माझ्या पहिल्या मुकादमानं मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं आणि उभ्या नोकरीत याच्याहून मोठं ज्ञान मला कुणी दिलं नाही.

संपादकसाहेबांनी पत्र पाठवून 'रेल्वेतले थरारक प्रसंग' मागितले आहेत. बाप्पा! थरार म्हणजे अपघात, आणि अपघात झाला की सगळ्यात आधी मुकादमाची नोकरी जाते. माझी गेली नाही. शाल, नारळ आणि दोन भाषणं घेऊन मी रीतसर निवृत्त झालो, त्यावरून काय ते समजून घ्या. पण अपघात न झालेला एक दिवस माझ्या छातीवर बसून आहे. तोच लिहितो. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. गावांची आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण त्यांची नातवंडं वर्ध्यात आहेत आणि भेटली की मला चहा पाजतात.

आमची लाइन अडीच फुटी. एका टोकाला बोरखेडी, तिथं ती मोठ्या लाइनला मिळायची. दुसऱ्या टोकाला धानोली, तिथं ती संपायची. मधली सगळी गावं कापसाची. बोरखेडीला उतरून मोठी गाडी धरली की अर्ध्या तासात वर्धा. सरकारनं मोठमोठ्या रेल्वे केव्हाच ताब्यात घेतल्या होत्या, पण असल्या चिल्लर लाइनी कंपन्यांकडेच पडून होत्या. आमच्या कंपनीचे डायरेक्टर मुंबईला राहत. त्यांच्यातल्या निम्म्यांनी ही लाइन फक्त नकाशात पाहिली असावी. वर्ध्याला एक हापिस होतं आणि त्यात मॅनेजरसाहेब. सगळा कारभार त्यांच्या टेबलावरून चाले, म्हणजे चालत नसे.

माझ्याकडे बारा माणसांची गँग आणि पाच मैल लाइन होती. बाहेरच्यांना वाटतं, रेल्वे ड्रायव्हर चालवतो. चालवो बिचारा. पण रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी आमचा चावीवाला गणपत खांद्यावर हातोडा आणि बगलेत झेंड्या घेऊन पाच मैल चालत जाई, रुळांच्या ढिल्या चाव्या, म्हणजे पाचरी, ठोकत, खिळे बघत. त्यानं 'ठीक आहे' म्हटलं की मी हिरवी झेंडी दाखवायची, आणि मग ड्रायव्हरनं गाडी चालवायची. आमच्या धंद्यातली इज्जत अशी की काम चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही.

आता या लाइनची एक गंमत सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच निघाली. लाइन टाकली तेव्हा कंपनीजवळ रोकड कमी पडली. म्हणून ज्यांच्या वावरातून लाइन गेली, त्यांना जमिनीच्या बदल्यात शेअरचे कागद देण्यात आले. माझ्या आजाच्या वतनातली पट्टीही गेली, त्यालाही कागद मिळाला. पुढं तो माझ्या मायच्या नावावर झाला. म्हणजे ज्या लाइनवर मी गिट्टी कुटत होतो, तिची माझी माय मालकीण होती. तिला याचं भारी कौतुक. "माहा नोकर आला जेवाले," असं म्हणून ती मला ताट वाढायची.

पण शेअर म्हणजे काय, हे कागद देताना गावकऱ्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांनी आपापल्या परीनं अर्थ लावला. लोक समजत की आपल्या वावरातून जेवढी लाइन गेली, तेवढे रूळ आपले. एक म्हातारा पाटील तिकीटच काढत नसे. तिकीट मागितलं की शेअरचा कागद काढून दाखवी आणि म्हणे, "माह्या वावरापुरतं फुकट, मंग उतरतो." आणि खरंच उतरायचा. गाडी तेवढी हळू होती.

गयाबाई पाटलीण तर एकदा कमरेला पदर खोचून माझ्या अंगावरच आली.

"मुकादम, माह्या रुळावर हे गोटे काऊन टाकून राह्यले तुमी?"

"गिट्टी आहे बाई. रूळ बसू नये म्हणून."

"मंग त्या खालच्या पाटलाच्या रुळाले जास्त काऊन टाकली? त्यानं काय तुमाले जेवाले घातलं?"

आम्ही दोन टोपल्या जास्त टाकल्या तेव्हा गेली. पुढं दर पोळ्याला ती आपल्या हिश्शाच्या रुळांना हळदीकुंकू लावायची आणि माझी माणसं तेवढा वेळ काम थांबवून उभी राहायची.

यात मेख अशी होती की वाघाडी नाल्यावरचा पूल कुणाच्याच वावरात नव्हता. नाला सरकारी. त्यामुळं प्रत्येकाला आपापल्या रुळांची काळजी, पण पूल मात्र कुणाचाच नाही.

आणि नेमका पूलच सडला होता. खालचे लोखंडी गर्डर धड होते, खांब धड होते. वर रुळाखाली जे लाकडी स्लीपर असतात, ते गेले होते. मी तीनदा लेखी दिलं. तिसऱ्या खेपेला उत्तर आलं, 'पुलावर गाडी ताशी पाच मैल वेगाने न्यावी.' लाकडं बदलायच्या ऐवजी त्यांनी पाटी लावली. पाटी मात्र नव्या लाकडाची होती.

दुसरीकडेही तेच. धानोलीजवळ मालाचा डबा घसरला आणि आमच्याच गँगमधल्या एका माणसाचा पाय गुडघ्यापासून गेला. गाडी दोन-दोन तास उशिरा धावे. कापसाचे व्यापारी बैलगाड्या जुंपू लागले, कारण बंडी आधी पोचत होती. डायरेक्टरांच्या अहवालात मात्र सगळं 'समाधानकारक'.

आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली. त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. उन्हाळ्यात एक दिवस वर्ध्याचे दामोदरपंत वकील रुळारुळानं चालत माझ्याकडे आले. त्यांच्याही वडिलांचे शेअर होते, आई अजून धानोलीकडच्या घरी राहायची. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, कपाळावर घाम.

"मुकादम, तुम्ही मला पूल दाखवाल का?"

मुकादमाला 'तुम्ही' म्हणणारा वकील मी पहिल्यांदा पाहत होतो. माझं निम्मं मन त्यांनी तिथंच जिंकलं. मी त्यांना पुलावर नेलं, हातोडा मारला. पहिला ठण्ण वाजला, दुसरा भद्द, तिसरा भद्द. वकिलांचा चेहरा पडला.

ते म्हणाले, "अर्जांनी काही होणार नाही. ही माणसंच बदलली पाहिजेत. वर्षातून एकदा भागधारकांची सभा होते. तिथं बहुमत झालं तर जुने डायरेक्टर काढून नवे नेमता येतात. मुंबईवाल्यांकडे बरीच मतं आहेत, पण तुमच्या गावांतले सगळे कागद एक झाले तर आपली त्यांच्याहून जास्त होतात. नव्या मंडळाचा पहिला ठराव या पुलाचा, हा माझा शब्द."

मतं गोळा करायची रीत त्यांनी समजावली. ज्याला सभेला यायचं नाही, त्यानं एका छापील मुखत्यारपत्रावर सही करायची की माझं मत वकीलसाहेब देतील. सही नाही तर अंगठा. वकिलांना घरं माहीत नव्हती, मला एकूणएक माहीत होती. मग सुट्टीच्या दिवशी आणि काम सुटल्यावर आम्ही दोघं गावोगाव फिरू लागलो.

लोक ऐकून घेत, पण पुलाचं नाव काढलं की म्हणत, "तो आपल्या हिश्शात नाई ना." वकील कायदा सांगत, लोक माना डोलावत, काही कळत नसे. शेवटी गयाबाईच्या ओसरीवर मी तोंड उघडलं.

"बाई, चार भावांची विहीर असली अन् दोर कोणाच्याही बाजूले तुटला, तरी बादली कोणाची जाते?"

"चौघायचीबी जाते."

"मंग पुलाचंही तसंच आहे. शेअर म्हणजे तुमच्या वावरातले रूळ नाईत. साऱ्या लाइनीत थोडं थोडं तुमचं. पुलातही तुमचं."

तिनं खालच्या पाटलाच्या वावराकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या पाटलाच्या रुळातबी माहं हाये?"

"हाव."

"मंग दे कागद इकडे!"

या एका वाक्यावर आम्हाला अख्खं गाव मिळालं.

मॅनेजरला बातमी लागायला वेळ लागला नाही. मला हापिसात बोलावणं आलं.

"मुकादम, तुझं काम रुळाचं. कागदाचं नाही."

"साहेब, मी कामावर असताना कुठंच गेलो नाही."

"तुझ्या पोरांना शिकवतोस म्हणे?"

"हो साहेब. दोघंही शाळेत आहेत."

"मग शिकव. नोकरी असली की शिक्षण होतं."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, काही नाही. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. वकिलांना मी सांगितलं की यापुढं मी घरं लांबून दाखवीन, ओसरीवर येणार नाही.

मग मॅनेजर स्वतः रुळावरून ढकलत न्यायच्या ट्रॉलीवर बसून निघाले. गावोगाव उतरायचे, म्हाताऱ्यांना नमस्कार करायचे, पोरासोरांना पेढे द्यायचे आणि आपलं मुखत्यारपत्र पुढं करायचे. आणि लोकांनी काय करावं? त्यांनाही सह्या दिल्या! ज्यांनी आम्हाला दिल्या होत्या त्यांनीच, हसत हसत, पाट मांडून.

वकील कपाळाला हात लावून बसले. गयाबाई लाइनीवर भेटली तेव्हा मी तिला विचारलं, "बाई, आमाले सही देल्ली होती ना? मंग त्याले काऊन देल्ली?"

"दारात आलेल्या मान्साले नाई कसं म्हनाव? तो बिचारा उनातून आला. तुमालेबी देल्ली, त्यालेबी देल्ली. कोनाले नाराज नाई केलं."

कायदा असा की ज्या कागदावरची तारीख नंतरची, तो खरा. म्हणून वकील पुन्हा फिरले, मी लांबून घरं दाखवली, तर मॅनेजर आमच्यामागून पुन्हा फिरले. लोकांना आता सह्यांची सवय झाली होती. कुणी आलं की म्हातारे आपणच विचारत, "कुठी अंगठा लावू?" कागद सभेच्या दोन दिवस आधी हापिसात पोचावे लागत, आणि शेवटची फेरी मॅनेजरची झाली. हापिसही त्यांचंच.

तेव्हा वकिलांनी शेवटचा उपाय काढला. भागधारक स्वतः सभेत येऊन उभा राहिला आणि त्यानं आपल्या तोंडानं मत दिलं, तर त्यानं आधी दिलेलं मुखत्यारपत्र रद्द होतं. म्हणजे सगळ्यांना उचलून वर्ध्याला न्यायचं. सभा सकाळी अकराला. धानोलीहून सकाळी सुटणारी गाडी बोरखेडीला मोठ्या गाडीला मिळते, ती धरली की वेळेत सभेत. टाइमटेबलमधली गाडी रद्द करायची हिंमत मॅनेजरमध्ये नव्हती. आणि समोर बसलेल्या गयाबाईला ते नाही म्हणूच शकणार नव्हते, कारण तिच्यापुढं कुणीच म्हणू शकत नसे.

गावोगाव निरोप गेले. बायका नवी लुगडी नेसल्या. दशम्या बांधल्या. माझी माय आदल्या दिवशीच धानोलीला बहिणीकडे जाऊन राहिली, कारण तिला पहिल्या स्टेशनापासून बसायचं होतं. "मालकीन हावो ना बापा, मदातून काऊन चढू?" म्हणाली.

पोळा होऊन गेला होता आणि दोन दिवस झड लागली होती. त्या सकाळी पाऊस उघडला. मी गणपतला म्हटलं, "आज पुलाकडे मी जातो."

हातोडा मारत गेलो. दुसऱ्या गाळ्यात, म्हणजे खांबाखांबांच्या मधल्या भागात, भद्द वाजला, पुढचा भद्द, त्याच्या पुढचा भद्द. सलग पाच. एका स्लीपरवर बसून मी रूळ धरून ठेवणारा खिळा चिमटीत पकडला आणि वर ओढला. खिळा बोटांनी वर आला. ओल्या चिखलातून काडी निघावी तसा.

मी तिथंच बसून राहिलो. खाली नाल्याला गुडघाभर पाणी होतं, पण उंची तीन माणसांची. रोज या गाडीत तीन डबे, त्यात पाच-पंचवीस माणसं. आज सहा डबे आणि ते गच्च भरलेले. गाडी थांबवली तर बोरखेडीची मोठी गाडी चुकणार. ती चुकली तर सभा चुकणार. सभा चुकली तर मॅनेजरचे कागद चालणार, तेच डायरेक्टर राहणार आणि हा पूल असाच राहणार. नाही थांबवली तर कदाचित जाईलही. रोज जातच होती.  लांबून शिट्टी ऐकू आली.

मी धावत पुलाच्या धानोलीकडच्या बाजूला गेलो. रुळावर दोन पटाखे बांधले. हे पटाखे दिवाळीचे नव्हेत, चाकाखाली फुटले की ड्रायव्हरनं गाडी थांबवायचीच असते. पुढं जाऊन लाल झेंडी उघडली.

पटाखे फुटले, गाडी थांबली. इंजिनातून इब्राहिम मिस्त्री वाकले. त्यांच्याएवढा जुना ड्रायव्हर लाइनवर दुसरा नव्हता.

"क्या हुआ मुकादम?"

"पूल ठीक नाही. लोक उतरवा."

"रोज तो छोड़ता है. आज क्या हुआ?"

मी खिळा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. पण तोवर डब्यांतून ओरडा सुरू झाला होता. सभेला जाऊ द्या, वेळ नाही, पाच मिनिटांचा पूल आहे! माझी माय खिडकीतून बघत होती. गयाबाई तिच्याच बाकावर, तिच्या खांद्याला खांदा लावून. आमच्या गावात असं बसणं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"काय झालं रे?" मायनं विचारलं.

"उतर माय. साऱ्यायले सांग उतराले."

माणसं उतरली. चिखलाची उतरण, गुडघाभर पाणी, पलीकडं चढण. म्हाताऱ्या माणसांना, पटाखे ऐकून धावत आलेल्या माझ्या गँगच्या पोरांनी पाठीवर घेतलं. गयाबाई एका पोराच्या पाठीवर बसून संबंध नाला संपेपर्यंत माझा उद्धार करत होती. सगळी वर चढेपर्यंत एक तास होऊन गेला.

मग इब्राहिम मिस्त्री म्हणाले, "खाली गाड़ी मैं ले जाता हूँ." मी नको म्हटलं. ते म्हणाले, "गाड़ी यहाँ रखके क्या करूँ? इनको बोरखेडी तक क्या पैदल ले जाऊँ?" गार्डही खाली उतरला. गाडी निघाली, मुंगीच्या पावलांनी. सगळी माणसं पलीकडच्या काठावर उभी राहून बघत होती.  

गाडी गेली. अख्खी. एक लाकूडही हललं नाही.

 मग कुणीतरी म्हणालं, "गेली ना बाप्पा!" कुणी हसलं. आणि मागून एक आवाज आला, तो माझ्या कानात अजून आहे, "मुकादम कंपनीचा मानूस निघाला. मॅनेजरनं पढवलं असन."

मी हातातली झेंडी गुंडाळायचंही विसरलो. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांत फरक असतो, हे तेव्हा मला सांगता आलं नाही. सांगून कुणी ऐकलंही नसतं. गाडी निघून गेली, मायनं खिडकीतून हात हलवला नाही.

पुढचं मायकडून कळलं. मोठी गाडी बोरखेडीहून निघून गेली होती. एका जिनिंगवाल्याची लॉरी मिळाली, तिच्यात उभं राहून सगळे वर्ध्याला पोचले तेव्हा दोन वाजले होते. सभेत दामोदरपंत वकिलांनी हरकती घेऊन घेऊन तासभर काढला होता, पण अध्यक्षांनी शेवटी मतदान उरकलं. मॅनेजरच्या हातातली मुखत्यारपत्रं मोजली गेली आणि जुने डायरेक्टर जसेच्या तसे निवडून आले. चिखलानं भरलेली ही सगळी माणसं दारात उभी राहिली तेव्हा आत चहा चालला होता.

गयाबाई अध्यक्षांच्या टेबलापर्यंत गेली. "मत राह्यलं त राह्यलं. पन आमी आलो होतो, येवढं तरी लिहून घ्या."

सेक्रेटरी म्हणाला की तसं लिहायची पद्धत नाही.

आणि यावर कडी म्हणजे मॅनेजरनी भर सभेत माझी तारीफ केली! कंपनीचे कामगार किती दक्ष आहेत बघा, लाइनच्या सुरक्षिततेबद्दल ज्यांना शंका होती त्यांना आज उत्तर मिळालं, असं काहीसं. चार दिवसांनी मला शाबासकीचं पत्र आलं. माझ्या नोकरीत मिळालेलं ते एकमेव शाबासकीचं पत्र. ते मी चुलीत घातलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गावातून गेलो की लोक बोलणं थांबवत. वर्ध्याच्या बाजारात दामोदरपंत समोरून आले, माझ्याकडं पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेले. मला फार लागलं. त्या दिवशी घरी येऊन मी पोरांसमोर रडलो. नोकरी गेली असती तरी एवढं वाटलं नसतं.

पण आमच्या धंद्यात एक नियम आहे. पुलाच्या आधी प्रवासी गाडी थांबवून माणसं उतरवली, तर ते लेखी कळवावं लागतं, आणि तो कागद थेट सरकारच्या रेल्वे इन्स्पेक्टरकडं जातो. कंपनीला तो दाबता येत नाही. माझा कागद गेला. दिवाळीनंतर सरकारी साहेब ट्रॉलीवर आले. स्वतः खाली उतरले, माझ्याच हातातला हातोडा घेतला, पाच-सहा ठिकाणी मारला आणि सब्बल मागितली. सब्बल लाकडातून आरपार गेली. साहेबांनी तिथंच हुकूम लिहिला: लाकडं बदलेपर्यंत पुलावरून प्रवासी गाडी बंद.

वर्षानुवर्षं जे झालं नाही ते वीस दिवसांत झालं. सालाच्या लाकडाचे नवे कोरे स्लीपर वॅगनीतून आले. जुने काढून आम्ही पुलाखाली टाकत होतो, तर पडल्या पडल्या त्यांचे तुकडे होत होते. एक मधोमध फुटला आणि आतून नुसती भुकटी निघाली. बातमी पसरली. गावंच्या गावं बघायला आली, जत्रा भरली म्हणा ना.

दामोदरपंतही आले. त्यांनी एक तुकडा उचलला, मुठीत दाबला, त्याचा भुगा झाला. सगळ्यांसमोर माझ्याजवळ येऊन त्यांनी हात जोडले. "मुकादम, मला माफ करा. माझी आई त्या गाडीत होती."  गयाबाईनं माझ्यावरून हात ओवाळून दृष्ट काढली. "ह्या मानसानं आमाले जितं ठेवलं. अन् आमी त्यालेच बोल लावला." ज्यानं मला कंपनीचा माणूस म्हटलं होतं तो खाली मान घालून उभा होता. माझी छाती फुगली, कशाला नाकारू? गँगची पोरं माझ्याकडं बघत होती आणि मी उगाचच मोठ्यानं हुकूम सोडत होतो.

माय माझी भाकर घेऊन आली होती.  फुटलेल्या स्लीपरांच्या ढिगाजवळ बसली आणि एक एक तुकडा हातात घेऊन बघू लागली. जन्मभर जळतण वेचलेली बाई, तिला लाकूड माझ्याहून जास्त कळायचं. मी भाकरीला बसलो तेव्हा तिनं विचारलं,

"हे एका झडीत सडलं काय रे?"

"नाई माय. लाकूड असं एका दिवसात सडत नाई. दोन-तीन वर्षांपासून सडून राह्यलं होतं."

"तुले मालूम होतं?"

"हाव. तीनदा लिहून देल्लं होतं ना."

"लिहून देल्लं, हाव. पन गाडी थांबोली काय कधी?"

 थांबवली की कागद सरकारकडं जातो, हा नियम मला आधीही माहीत होता. नोकरीला लागल्यापासून माहीत होता. खिळा आदल्या दिवशीही बोटांनी निघाला असता. आदल्या दिवशी मी ओढून बघितला नव्हता, कारण निघाला असता तर मला काहीतरी करावं लागलं असतं.

मायनं तो तुकडा खाली ठेवला, हात झटकले. रागावली नव्हती ती. खरंच विचारत होती.

"मंग त्याच्या आंधी रोज त्या गाडीत बसून जात होत्या, त्या कोनाच्या माया होत्या रे?"

त्या सगळ्या गाड्यांना हिरवी झेंडी मीच दाखवली होती.